जुनी हायब्रिड: लाल त्रिकोण, घूं आवाज आणि विकणारे काका
(प्रत्येक प्रतिसादावरची वेळ लिहिणाऱ्याच्या गावची)

माळावरची_मैना
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागकाम सोडून इकडे फिरकत नाही, पण आता अडलंय.

माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला असते. शिक्षण संपवून नुकतीच नोकरीला लागली, ऑफिसला जायला गाडी हवीच. तिच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब कायमचं भारतात परततंय. त्यांची २००८ची हायब्रिड हॅचबॅक आहे, १ लाख ६० हजार मैल झालेली, आणि किंमत अगदी घरची लावलीय. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. काका-काकू इथले सभासद असण्याची दाट शक्यता आहे आणि बोलणी अजून चालू आहेत.

पोरीनं गाडी चालवून पाहिली. चालायला मऊ आहे म्हणते. पण सुरू करताना एकदा इशाऱ्याचा लाल त्रिकोणी दिवा लागला, बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गेला. गाडी उभी असताना पुढच्या बाजूनं घूंऽऽ असा आवाज येतो, थांबतो, परत येतो. आणि रस्त्यात स्पीड दाखवणारा पडदा क्षणभर काळा होऊन परत उजळला. काका म्हणाले, "अगं, जुन्या गाडीला एवढं चालायचंच. मोठी बॅटरी नवी केलीय, आणखी दहा वर्षं बघायला नको."

इकडे दाजींनी कुठूनतरी दोनशे व्होल्टचा आकडा शोधून काढलाय आणि ताईनं देव पाण्यात घातलेत. जाणकारांनी सांगा, घ्यावी का?

कोकणी_कोलंबस
शनिवार, रात्री ९.५८

पेट्रोलची साधी गाडी घ्या आणि शांत झोपा. एक इंजिन सांभाळताना नाकी नऊ येतात, इथे इंजिनही आणि मोटरही. दोन बायका, फजिती ऐका.

रानजाई
शनिवार, रात्री १०.०५

कोलंबस, गाडीपेक्षा म्हणी जुन्या झाल्यात तुमच्या.
मैनाताई, वाचतेय.

अर्धवट_इंजिनिअर
शनिवार, रात्री १०.२०

हायब्रिडमध्ये महाग काय, तर बॅटरी. ती नवी आहे म्हणतायत. मग राहिलं काय? बाकी किरकोळ. घेऊन टाका.

तारजोड
शनिवार, रात्री ११.४५

मैनाताई, वरचे दोन्ही सल्ले जरा बाजूला ठेवा. मी मिशिगनला पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या हायब्रिड उघडून बसायचा मला नाद आहे. काकांची गाडी कुठली ते मला कळायला नको. मी सगळं टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसवरून सांगतो, म्हणजे २००४ ते २००९ची मॉडेलं. साल जुळतंय, आणि तिच्या अंगातलं सगळं इतकं जगजाहीर आहे की अंदाजानं बोलावं लागत नाही. गाडी दुसऱ्या कंपनीची निघाली तर तपशिलात फरक पडेल.

आधी दाजींचं समाधान करू. या गाडीच्या मागच्या सीटमागे निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी असते. ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूलं, एकूण २०१.६ व्होल्ट. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा डबा) तेच मोटरसाठी ५०० व्होल्टपर्यंत चढवतो. ऐकून पोटात गोळा येतो, कबूल. पण या मोठ्या व्होल्टेजचं एकही टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं नसतं, दोन्ही टोकं पत्र्यापासून अलग. त्यात कुठे गळती होतेय का हे संगणक सतत तपासत असतो. सापडली की पी०एए६ हा बिघाडाचा कोड आणि लाल त्रिकोण, आणि एकदा बंद केलेली गाडी पुन्हा 'रेडी' (चालायला तयार) होत नाही. शिवाय मुख्य रिले (विजेवर चालणारे मोठे स्विच) बॅटरीच्या डब्यातच आहेत. गाडी बंद केली किंवा अपघातात एअरबॅग फुटली की ते सुटतात आणि मोठ्या व्होल्टेजच्या नारिंगी केबलींचा पुरवठा डब्यापाशीच तुटतो. निकेलची बॅटरी लिथियमसारखी भडकतही नाही. सीटवर बसणाऱ्याला तिच्यापासून काही नाही. जो झाकण उघडतो त्यानं सांभाळायचं, ते पुढे सांगतो.

आता जिची भीती कुणालाच वाटत नाही तिच्याकडे या. डिकीच्या उजव्या कोपऱ्यात १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. साध्या गाडीत बॅटरी म्हातारी झाली की सकाळी स्टार्टर कण्हतो आणि आपल्याला कळतं. इथे वेगळा स्टार्टरच नाही. इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते, आणि छोटीकडे दोनच कामं उरतात: संगणक जागे करणं आणि मोठ्या बॅटरीचे रिले ओढणं. त्यामुळे ती शेवटचे श्वास मोजत असली तरी आवाज नाही. व्होल्टेज घसरलं की एकेक संगणक भलतंसलतं बरळायला लागतो. आज ब्रेकचा दिवा, उद्या लाल त्रिकोण, बंद करून चालू केलं की सगळं गायब. भाचीला दिसलेला त्रिकोण यातला असू शकतो, पण असेलच असं नाही.

तपासायला मेकॅनिकसुद्धा लागत नाही. मधल्या टचस्क्रीनशेजारचं 'इन्फो' बटण दाबून धरायचं आणि पार्किंगचे दिवे तीनदा चालू-बंद करायचे. एक लपलेला मेनू उघडतो, त्यात 'डिस्प्ले चेक' आणि मग 'व्हेइकल सिग्नल चेक'. तिथे १२ व्होल्टच्या बाजूचा आकडा दिसतो. गाडी रेडीत असेल तर चौदाच्या आसपास हवा. रेडी न करता नुसती चालू ठेवून दिवे लावल्यावर आकडा अकराच्या घरात आला, तर त्या बॅटरीचं भरलं म्हणून समजा.

घूं आवाजाबद्दल मात्र घाईनं बोलत नाही. भाचीला एक करायला सांगा. गाडी सपाट जागी पार्कमध्ये रेडी ठेवायची, एसी-रेडिओ बंद, पाय ब्रेकवरून काढायचा आणि ऐकत बसायचं. पायाला हात न लावता... चुकलो, पेडलला पाय न लावता आवाज येतोय का, एवढंच सांगा.

न्यूजर्सीची_नलू
रविवार, पहाटे ५.३०

तारजोड यांच्या छोट्या बॅटरीला माझा कोपरापासून नमस्कार. आमच्याकडेही एक जुनी हायब्रिड होती (कंपनी मीही सांगत नाही, मैनाताईंचं बघून). पटेलांच्या दुकानातून महिन्याचं वाणसामान घेतलं, डिकीत टाकलं, पाच मिनिटं समोर चहा घ्यायला गेले. येऊन बघते तर गाडी निपचित. किल्ली दाबली, काही नाही. किल्लीच्या पोटातून लोखंडी चावी काढून ड्रायव्हरचं दार उघडलं, पण डिकीला चावीचं भोकच नाही! तिचं कुलूप विजेवर. आणि मेलेली बॅटरी कुठे, तर त्याच बंद डिकीत. मागच्या सीटवरून आत सरपटत गेले, दह्याचे डबे सरकवले, दाराच्या आतल्या अंगाचं एक झाकण नखांनी उचकटलं तेव्हा आतला खटका सापडला. बाहेर एक आजोबा उभे राहून विचारत होते, कुणाला फोन करू का म्हणून.

टोइंगवाला आला तर गाडी पार्कमधून हलेना. तो म्हणे न्यूट्रल करा. करणार कशी, तेही विजेवरच.

तारजोड
रविवार, सकाळी ८.१०

नलूताई, यासाठी सरपटायची गरज नसते हो. बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्यात लाल झाकणाखाली एक टर्मिनल दिलेलं असतं. जंपर केबलीचं धन तिथे, ऋण इंजिनजवळच्या उघड्या धातूला. नुसते संगणक जागे करायचे असल्यामुळे फार करंट लागत नाही, खिशात मावणारा जंप पॅकही पुरतो. फक्त धन-ऋण उलटं लावलंत तर मुख्य फ्यूज जातो, आणि नशीब वाईट असेल तर इन्व्हर्टरसुद्धा. घाईत, अंधारात, पावसात लोक नेमकं तेच करतात. आणि या गाडीवरून दुसऱ्याची गाडी जंप करून द्यायची नाही. मित्र तुटला तरी चालेल.

नवी छोटी बॅटरी घेताना ए.जी.एम. (आतलं आम्ल न सांडणाऱ्या) जातीचीच घ्यायची, कारण ती प्रवाशांच्याच हवेत बसलेली असते. तिच्या बाजूला एक बारीक नळी आहे, वायू बाहेर सोडायची. बदलणारा हमखास ती परत लावायला विसरतो.

पेठेतला_पांथस्थ
रविवार, संध्याकाळी ६.१५ (भारतीय वेळ)

अमेरिकेत बॅटरी, आमच्या पुण्यात उंदीर. आमची २०१४ची हायब्रिड सेडान आहे. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभी होती, नंतर एबीएसचा दिवा लागला तो जाईना. सर्व्हिस सेंटरनं (नाव सांगत नाही) पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलायला सांगितलं, आकडा ऐकून मी खुर्ची धरली. शेवटी नाना पेठेतल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यानं पुढच्या चाकामागचं प्लॅस्टिक उतरवलं, टॉर्च मारली, दोन बोटांनी एक वायर बाहेर ओढली. सेन्सरची वायर, वरचं प्लॅस्टिक कुरतडून तांबं उघडं पडलेलं, आणि खाली फ्रेमवर लेंड्या. कापून, डाग देऊन, नळी चढवून दिली. शेजारून एक नारिंगी केबल जात होती, तिच्या कव्हरवरही दात उमटले होते. तिला त्यानं बोटसुद्धा लावलं नाही. म्हणाला, "साहेब, हे माझं काम नाही आणि तुमचंही नाही. आजच्या आज कंपनीत दाखवा."

तारजोड
रविवार, सकाळी ९.०२

पांथस्थ, त्या माणसाचा पत्ता जपून ठेवा.

नारिंगी केबल जोडायची नसते, तिला पट्टी लावायची नसते, ती अख्खी बदलतात. आणि त्या बाजूचं काहीही करायचं तर आधी गाडी बंद, किल्ली लांब, १२ व्होल्टची ऋण तार काढायची, बॅटरीच्या डब्यावरचा नारिंगी सर्व्हिस प्लग ओढून स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि किमान दहा मिनिटं थांबायचं, कारण इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरात (वीज साठवणाऱ्या भागात) भार शिल्लक असतो. मग मीटर लावून शून्य बघायचं. हातात १००० व्होल्टसाठी प्रमाणित रबरी मोजे. घालण्याआधी मोजा मनगटाकडून गुंडाळत नेऊन हवा कोंडायची, कुठे फुस्स होतं का बघायचं. यूट्यूबवर लोक उघड्या हातांनी, अंगठी घालून मॉड्यूलं काढताना दिसतात. मालिकेत जोडलेली २८ मॉड्यूलं म्हणजे सर्व्हिस प्लग काढल्यावरसुद्धा आत माणूस मरेल एवढं व्होल्टेज उरतं.

वायरिंग घासून आग लागण्याचा प्रकार कारखान्यातूनही येऊ शकतो, उंदीरच लागतो असं नाही. सप्टेंबर २०१८मध्ये टोयोटानं जगभरातल्या सुमारे १० लाख ३० हजार हायब्रिड दुरुस्तीसाठी परत बोलावल्या (रिकॉल), त्यात तेव्हाची नवी प्रियसही होती. इंजिनाचा हार्नेस एका कव्हरला घासून आवरण झिजत होतं.

अर्धवट_इंजिनिअर
रविवार, रात्री ८.००

रिकॉलचा विषय निघालाच आहे तर, प्रियसचे इन्व्हर्टर हायवेवर बंद पडतात असं वाचल्याचं आठवतं. ते हेच का?

तारजोड
रविवार, सकाळी ११.२०

नाही, ती पुढची पिढी. २०१०च्या मॉडेलपासूनची. पण कहाणी ऐकण्यासारखी आहे.

जोर लावून चढ चढताना किंवा गाडी झटकन पळवताना इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर प्रमाणाबाहेर तापत. तापून निवून, तापून निवून ते खराब होत. फेब्रुवारी २०१४मध्ये जगभरातल्या सुमारे १९ लाख गाड्या परत बोलावल्या. इलाज काय केला, तर सॉफ्टवेअर बदललं, म्हणजे ट्रान्झिस्टरवरचा ताण कमी. अपेक्षा अशी की बिघाड झालाच तर गाडी 'फेल-सेफ'मध्ये जाईल आणि कमी ताकदीवर का होईना, कडेला घेता येईल. ऑक्टोबर २०१८मध्ये पुन्हा सुमारे २४ लाख ३० हजार गाड्या, कारण काही गाड्या फेल-सेफमध्ये न जाता पूर्णच बंद पडू शकत होत्या. पुन्हा सॉफ्टवेअर. जून २०२०मध्ये आणखी सुमारे ७ लाख ५२ हजार. मधल्या काळात कॅलिफोर्नियातल्या एका टोयोटा विक्रेत्यानंच पहिला इलाज अपुरा आहे म्हणून कंपनीवर दावा लावला होता.

माझं मत विचाराल तर, तापून दमलेल्या ट्रान्झिस्टरला सॉफ्टवेअरनं विश्रांती देता येते, तारुण्य नाही. त्या पिढीची गाडी घेताना इन्व्हर्टर बदललाय का हे विचारा, 'रिकॉल झालंय' एवढ्यावर समाधान मानू नका.

२००८च्या प्रियसला इन्व्हर्टर थंड ठेवणाऱ्या पंपाचा त्रास. छोटा विजेवरचा पंप आहे, तो बंद पडला की इन्व्हर्टर तापतो, पी०ए९३ हा कोड येतो आणि गाडी मान टाकते. नोव्हेंबर २०१२च्या रिकॉलमध्ये जगभरातल्या सुमारे ६ लाख ३० हजार हायब्रिडमध्ये हा पंप होता. त्याच रिकॉलचा मोठा भाग स्टीअरिंगच्या शाफ्टचा, तो झिजून स्टीअरिंग सैल होण्याचा. अमेरिकेत २००४ ते २००९च्या सुमारे ६ लाख ७० हजार प्रियस त्यात आल्या. पंप चालतोय का ते बघायला गाडी रेडी करून इन्व्हर्टरच्या कूलंटच्या टाकीत डोकवायचं. पाणी खळाळताना दिसलं पाहिजे, संथ असेल तर पंप झोपलाय.

भाचीला गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन (ओळख क्रमांक) एनएचटीएसएच्या, म्हणजे अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या, संकेतस्थळावर घालायला सांगा. कुठला रिकॉल बाकी आहे ते फुकट दिसतं. अमेरिकेत जुनी गाडी बाकी रिकॉलसकट विकायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, तेव्हा हे आपणच बघायचं.

डॉ_लिंबूटिंबू
रविवार, रात्री ९.३०

एक वैद्यकीय अवांतर, पण जीवाचं आहे. हायब्रिड रेडीत असताना इंजिन बंद असतं, आवाज नसतो. माणूस किल्ली खिशात घालून घरात जातो, त्याला वाटतं गाडी बंद आहे. बॅटरी उतरली की थोड्या वेळानं इंजिन आपोआप सुरू होतं, आणि ते बंद गॅरेजमध्ये. गॅरेज घराला चिकटलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपतो. किल्लीविना चालणाऱ्या गाड्यांमुळे अमेरिकेत २००६पासून असे दोन डझनांहून जास्त मृत्यू झाल्याचं २०१८मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं होतं, त्यात हायब्रिडच नाहीत, सगळ्याच आल्या. आपोआप बंद होण्याची सोय टोयोटानं २०२०च्या मॉडेलांपासून द्यायची ठरवली, म्हणजे २००८च्या गाडीत ती नाही. भाची राहते तिथे या वायूचा डिटेक्टर आहे का, विचारा.

माळावरची_मैना
सोमवार, सकाळी ७.१५

मंडळी, इतकं भरभरून लिहिलंत, ताईला वाचून दाखवलं. देव पाण्यातून काढलेत, पण अजून ओलेच आहेत.

भाचीचा निरोप: डिटेक्टर आहे. रिकॉल एकही बाकी नाही, काकांनी सगळे करून घेतलेत. लपलेला मेनू उघडला (तिच्या मते ही सगळ्यात भारी गोष्ट), दिवे लावल्यावर आकडा ११.२. आणि पेडलला पाय न लावता घूं आवाज येतो. दोन-तीन सेकंद वाजतो, थांबतो, थोड्या वेळानं पुन्हा, असं चालूच.

तारजोड
रविवार, रात्री ११.१०

मग सगळं सोडा आणि ब्रेककडे बघा.

या गाडीत पेडल आणि चाक यांच्यामध्ये संगणक असतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा संगणक ठरवतो, किती ब्रेक मोटरनं लावायचा आणि किती तेलाच्या दाबानं. तो दाब तयार ठेवायला एक पंप आणि दाब साठवणारी टाकी असते. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर पंप थोडा वेळ वाजतो, ते बरोबर आहे, दाब भरून ठेवतोय. पण पाय न लावता पुन्हा पुन्हा वाजतोय म्हणजे साठवलेला दाब आतल्या आत गळतोय, टिकत नाहीये. बाहेर तेलाचा थेंब दिसणार नाही. काही दिवस पंप भरपाई करतो. मग तो दमतो, आणि एके दिवशी सिग्नलला सगळे दिवे एकदम लागतात, बझर वाजतो. ब्रेक पूर्ण जात नाहीत, पायाचा दाब थेट पुढच्या चाकांपर्यंत पोचतो, पण पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी थांबायला भलतीच लांबी घेते. सवय नसलेल्या नव्या ड्रायव्हरला ते पाऊण सेकंदात कळायला हवं.

म्हणून कोड वाचून घ्या. साध्या स्वस्त रीडरला ब्रेकचे कोड दिसत नाहीत, हायब्रिडवाल्या मेकॅनिककडेच न्या. सी१२५२ निघाला तर त्याचा अर्थ पंप प्रमाणाबाहेर वेळ चालतोय. इलाज म्हणजे ब्रेकचा सगळा ॲक्च्युएटर (तो दाब सांभाळणारा संच) बदलणं. भाग आणि मजुरी धरून दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जातं, कारण आतली हवा काढायलाही कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, नुसता पाना चालत नाही.

काळ्या पडद्याचं कारण बहुतेक त्या पॅनेलमधला एक कपॅसिटर. वेग, गिअर, पेट्रोल, रेडीचा दिवा, सगळं त्या एकाच पट्टीत असतं, त्यामुळे ती गेली की आपण कुठल्या गिअरमध्ये आहोत हेही दिसत नाही. कधी कधी गाडी बटणानं बंद व्हायलाही तयार होत नाही. दुरुस्त करून मिळतं, फार महाग नाही.

आणि 'मोठी बॅटरी नवी केलीय' याचं बिल बघायला मागा.

परतीचा_पाऊस
सोमवार, रात्री १.४०

मैना, मीच तो काका. सौ. रोज इथे पाककृती वाचते, तिनं दाखवलं. मी 'अगं' म्हणालो नव्हतो, बाकी सगळं खरं आहे.

बिल शोधलं. त्यावर 'चार मॉड्यूल बदलली, सहा महिने हमी' असं लिहिलंय. दुकानदारानं आम्हाला तोंडी 'बॅटरी एकदम नवी' सांगितलं होतं, कागद वाचायची वेळ आली नाही. हमी केव्हाच संपली. आवाज गेल्या हिवाळ्यापासून आहे, आम्हाला वाटलं हायब्रिड म्हणजे असाच आवाज.

कोकणी_कोलंबस
सोमवार, सकाळी ११.३५

काका, मानलं तुम्हाला. इथे लोक प्रतिसाद उडवून पळतात.

तारजोड
सोमवार, सकाळी ७.००

काका, दुकानदार कोण ते इथे लिहू नका, पण हा धंदा सगळीकडे असाच चालतो. २८पैकी जी मॉड्यूलं मेली तेवढी बदलायची, शेजारी पंधरा वर्षांची म्हातारी तशीच. मालिकेत सगळ्यांतून करंट एकच जातो, त्यामुळे म्हातारं आधी रिकामं होतं, आधी भरतं, आधी तापतं. काही महिन्यांनी पुढचं जातं आणि पी०ए८० (मोठी बॅटरी बदला असा कोड) परत हजर. त्यात मॉड्यूलं जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज आलेला असतो, तो साफ न करता तशाच लावतात. नट आवळायचं माप ५.४ न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ बोटानंच. गडी जोर लावतो आणि टर्मिनलच मोडून बसतो.

पंख्याची जाळीही एकदा बघा, मागच्या सीटच्या बाजूला असते. घरात कुत्रा असेल तर तिथे केसांची गोधडी सापडते आणि बॅटरी गुदमरते.

परतीचा_पाऊस
मंगळवार, संध्याकाळी ६.३०

कुत्रा आहे. गोधडी निघाली.

गाडी आज हायब्रिडवाल्याकडे नेली, भाची बरोबर होती. सी१२५२ निघाला. ॲक्च्युएटरचा खर्च आम्ही सांगितलेल्या किमतीच्या वर जातो. मैना, व्यवहार रद्द. तुझ्या ताईला सांग, पोरीला असली गाडी मी विकणार नाही. किंमत कमी करून देतो म्हणायचीही इच्छा नाही.

आम्ही २० तारखेला निघतोय. आता हिचं काय करू? चालवत न्यायची तर भीती वाटायला लागलीय तुमचं वाचून.

माळावरची_मैना
बुधवार, सकाळी ६.५०

काका, ताई म्हणते इथे आलात की जेवायलाच या. भाची सध्या ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर जाते, दुसरी गाडी बघतेय. दाजी आता स्वतः १२ व्होल्टची बॅटरी तपासायला शिकलेत आणि स्कूटरवर प्रयोग चालू आहेत.

तारजोड
मंगळवार, रात्री ९.४५

काका, चालवू नका. भंगारवाल्याला किंवा पुनर्वापरवाल्याला बोलवा आणि फोनवरच सांगा की हायब्रिड आहे. गाडी अख्खी ट्रकवर चढवायची. ते जमत नसेल तर पुढची चाकं उचलून न्यायची. पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते. १२ व्होल्टची बॅटरी आत्ताच काढू नका, नाहीतर गाडी पार्कमध्ये अडकेल आणि ट्रकवाला नलूताईंच्या ट्रकवाल्यासारखा तुमच्याकडे बघत बसेल.

भाव करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) मूळचा असेल तर त्यातल्या मौल्यवान धातूंमुळे त्यालाच चांगला भाव येतो (चोरही या गाड्यांखाली त्याच्यासाठीच झोपतात). आणि मोठ्या बॅटरीतल्या निकेललाही किंमत आहे, ती 'धोकादायक कचरा' म्हणून उलट तुमच्याकडून पैसे मागितले तर दुसऱ्याला फोन लावा. नंबरप्लेटी काढून न्यू जर्सीच्या मोटार वाहन कार्यालयात जमा करून पावती घ्या, मगच विमा बंद करा. दोन्ही स्मार्ट किल्ल्या गाडीबरोबर द्या.